सांडपाणी कसं वाढवावं: बॅच प्लांटमधल्या नव्या प्लॅनरसाठी प्राथमिक पाठ

अभिनंदन! केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तुम्ही तारापूर, लोटे, महाड, रोहा, तळोजा किंवा कुरकुंभ यांपैकी एखाद्या एमआयडीसीत रुजू झालात आणि पहिल्याच आठवड्यात प्लॅनिंगचं काम तुमच्या गळ्यात पडलं. म्हणजे एक संगणक, एक एक्सेलची फाईल आणि सेल्सकडून दर अर्ध्या तासाला येणारा फोन. कुठल्या रिॲक्टरमध्ये कुठला माल कधी घ्यायचा, हे आता तुम्ही ठरवणार. कारखान्यातून सांडपाणी किती निघणार, हेही तुम्हीच ठरवणार आहात, पण ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी ही पुस्तिका.

ज्यांचा कारखाना वर्षानुवर्षं एकाच पाइपातून एकच माल काढतो, त्या रिफायनरीवाल्यांना इथे शिकण्यासारखं फारसं नाही. बॅच प्लांटचं वैभव वेगळं. आज पिवळा रंग, उद्या निळा, परवा एखादं इंटरमिजिएट. रिॲक्टर तोच, सेंट्रिफ्यूज तोच, ड्रायर तोच. एक माल निघाला की दुसरा पडायच्या आत सगळं धुवायचं. आपली सगळी कर्तबगारी या धुलाईत आहे.

साहित्य

- पाच केएलचा (म्हणजे पाच हजार लिटरचा) रिॲक्टर, ज्यात तुम्ही दोन केएलची बॅच घेणार आहात.
- इंची रबरी पाइप. पुढे नोझल नको. नोझल असलाच तर काढून कपाटात ठेवावा.
- पाण्याचं मीटर एकच, तेही गेटजवळ. प्रत्येक विभागाला वेगळं मीटर बसवलं की माणसं आकडे विचारू लागतात.
- गटार एकच.
- ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) इनचार्ज एक. याचा उपयोग पहिल्याच पाठात कळेल.

पाठ १: बोट नेहमी ईटीपीकडे दाखवावं

सांडपाणी हा शब्द कानावर पडताच कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्याकडे बघायची सवय लावून घ्या. तिथे ईटीपी असतो आणि त्याचा एक इनचार्ज असतो. प्रॉडक्शनच्या मीटिंगला त्याला बोलावत नाहीत. रात्रपाळीत काळा रंग धुतला गेला, हे त्याला सकाळी टाकीचा रंग पाहून समजतं. तो आठवड्यातून एकदा तक्रार करेल. त्यावर एकच उत्तर पाठ करून ठेवा: ‘ईटीपीची कपॅसिटी वाढवा.’ हे उत्तर दिलं की पाणी मुळात आलं कुठून, हा प्रश्न मीटिंगमध्ये निघतच नाही.

कपॅसिटी वाढवायला पैसे मिळाले तर उत्तमच. मग आरओ येईल, मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर येईल आणि गेटवर ‘झिरो लिक्विड डिस्चार्ज’ अशी पाटी लावता येईल. इव्हॅपोरेटर पाणी उकळून उडवतो. त्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला इंधन लागतं. एवढं करून मागे क्षारांच्या गोणी उरतात आणि त्या पैसे मोजून घातक कचऱ्याच्या भरावक्षेत्रात पाठवाव्या लागतात. जे पाणी झालंच नसतं, ते उकळण्याचा हा खर्च ‘पर्यावरण’ या सदरात टाकावा. वार्षिक अहवालात तो शोभून दिसतो.

सावधान: रात्री ईटीपीत पोचलेलं पाणी आदल्या सोमवारच्या शेड्यूलमध्येच तयार झालेलं असतं, असं म्हणणारी माणसं आढळतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्याकडे आकडे असतात.

पाठ २: बॅच कार्डावर लिटर लिहू नयेत

आपलं बॅच कार्ड काढून पाहा. तापमान ६५ ते ७० अंश, वेळ चार तास, कॉस्टिक किती किलो, पीएच किती. सगळं तंतोतंत लिहिलेलं. शेवटी एक ओळ: ‘रिॲक्टर पाण्याने स्वच्छ धुवावा.’ या ओळीला जीवापाड जपा. संपूर्ण कार्डात एवढीच एक ओळ अशी आहे, जिचा अर्थ प्रत्येक ऑपरेटर आपल्या स्वभावाप्रमाणे लावू शकतो.

समजा, आपला इंची पाइप मिनिटाला ४० लिटर देतो. पाच मिनिटं धुतलं तर २०० लिटर. पाइप मॅनहोलमध्ये सोडून माणूस चहाला गेला आणि वीस मिनिटांनी परतला तर ८०० लिटर. कार्डावर दोन्हींची नोंद एकच: ‘स्वच्छ धुतला.’ खाली सही.

या व्यवस्थेला खरा धोका असतो तो एमआयडीसीचं पाणी बंद असलेल्या दिवशी. त्या दिवशी टाकीत असेल तेवढ्यातच भागवायचं असतं. मग तोच ऑपरेटर आधी भिंतीला चिकटलेला माल खरवडून काढतो, तो परत बॅचमध्ये घालतो, थोडं पाणी फिरवून बॉटम व्हॉल्व्हमधून पूर्ण निथळू देतो, टॉर्च मारून आत बघतो आणि पुन्हा थोडं पाणी फिरवतो. क्यूसीवाला नमुना तपासतो. नमुना पास होतो. त्या दिवशी किती पाणी लागलं, याची नोंद कुठेही राहता कामा नये. नाहीतर उरलेल्या दिवशी इतकं पाणी कशाला लागतं, असं कुणीतरी विचारेल.

पाठ ३: धुवायचं तर एकदाच आणि धो धो

हा पाठ हिशेबाचा आहे, तेव्हा वही काढा. रिॲक्टर रिकामा केला तरी तळाशी, ॲजिटेटरच्या पात्यांवर, पाइपच्या वळणात मिळून दहा लिटर माल राहिला असं धरू. त्यात १,००० लिटर पाणी ओतलं, नीट ढवळलं आणि सोडून दिलं. पुन्हा दहा लिटर मागे राहिलेच, पण आता ते १०१ पट पातळ झालेले असतात. समाधानकारक काम.

आता चुकीची पद्धत पाहा. फक्त १०० लिटर ओतायचे, ढवळायचे, पूर्ण निथळायचे. माल ११ पट पातळ. मग आणखी १००. अकरा गुणिले अकरा, १२१ पट. म्हणजे २०० लिटरांत १,००० लिटरांपेक्षा चांगलं धुऊन झालं! तिसऱ्यांदा १०० ओतले तर १,३३१ पट. एकूण पाणी ३००. शिवाय तिसऱ्या वेळचं पाणी इतकं स्वच्छ असतं की ते बाजूला ठेवून पुढच्या धुलाईला पहिलं पाणी म्हणून वापरता येतं. मग ताजं पाणी २०० लिटरच लागतं. या हिशेबाला दोनच अटी आहेत: दर वेळी पाणी सगळीकडे फिरलं पाहिजे आणि दर वेळी पूर्ण निथळलं पाहिजे. या दोन अटी मोडल्या की धो धो पाण्याला पुन्हा मान मिळतो, म्हणून त्या मोडण्याची सोय सातव्या पाठात सांगितली आहे.

हे गणित अवघड नाही. घरी दुधाचं पातेलं विसळताना कुणी ते काठोकाठ भरत नाही. घोटभर पाणी फिरवून ओतून देतात आणि पुन्हा फिरवतात. गेटवर हेल्मेट चढवताना हे ज्ञान चपलांसोबत लॉकरमध्ये ठेवावं.

झाकणाखालची बाजू धुवायची असेल तर रिॲक्टर थेट गळ्यापर्यंत भरावा: पाच केएल पाणी, एका दमात. स्प्रे बॉल नावाचा भोकाभोकांचा गोळा वरून सोडला की थोड्या पाण्यात झाकण, भिंती, शाफ्ट सगळं भिजतं, असं वेंडर सांगत येतो. त्याला चहा पाजून परत पाठवावं.

औषधांच्या कारखान्यात असाल तर नीट ऐका. तिथे सफाईची पद्धत प्रमाणित केलेली असते आणि मागच्या मालाचा अंश किती चालेल, याची मर्यादा लेखी असते. तिथे पाणी मनाने कमी करता येत नाही. पण पद्धत प्रमाणित करतानाच भीतीपोटी दुप्पट पाणी लिहून ठेवलं, तर पुढची कित्येक वर्षं ते कुणी बदलायला धजत नाही. फाईल सुरक्षित, तुम्ही सुरक्षित.

पाठ ४: ज्याचा फोन मोठा, त्याचा माल आधी

हा या पुस्तिकेचा गाभा आहे. वरच्या पाठांत पाणी लिटरांनी वाढतं, इथे केएलने वाढतं.

समजा, एका रिॲक्टरमध्ये पाच रंग काढायचे आहेत: पिवळा, केशरी, लाल, निळा, काळा. पिवळ्यानंतर केशरी घ्यायचा तर नुसतं विसळलं तरी चालतं, कारण केशरीत चिमूटभर पिवळा कुणाला दिसणार! काळ्यानंतर पिवळा घ्यायचा तर मात्र कॉस्टिक घालून उकळा, पुन्हा धुवा, पुन्हा तपासा. धुलाईचं पाणी एकेका मालावर नव्हे, तर मालांच्या जोडीवर ठरतं. आणि जोडी उलटी केली की आकडाही बदलतो.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. पिवळा ते केशरी २०० लिटर, केशरी ते लाल २००, लाल ते निळा ४००, निळा ते काळा २०० आणि काळा ते पिवळा ३,०००. एक फेरी ४,००० लिटरांत संपली. आता तीच फेरी उलट्या दिशेने फिरवा: काळा ते निळा २,५००, निळा ते लाल २,०००, लाल ते केशरी १,५००, केशरी ते पिवळा १,५०० आणि पिवळा ते काळा २००. एकूण ७,७०० लिटर. यंत्र तेच, माणसं तीच, माल तोच. फक्त एक्सेलमधल्या पाच ओळी वरच्या खाली झाल्या.

अजून वरची पायरी आहे. महिन्यात प्रत्येक रंगाच्या चार, अशा वीस बॅच काढायच्या आहेत. एका रंगाच्या चारही बॅच सलग घेतल्या तर एका मालाच्या दोन बॅचमध्ये मोठी धुलाई लागत नाही. महिन्याला एक फेरी, ४,००० लिटर. याला कॅम्पेन म्हणतात. त्याऐवजी दर बॅचला रंग बदलला आणि चारही फेऱ्या उलट्या दिशेने घेतल्या तर ३०,८०० लिटर. म्हणजे त्याच वीस बॅचना जवळजवळ आठपट सांडपाणी. हे साधायला वेगळं कौशल्य लागत नाही. सेल्सचा ज्या क्रमाने फोन येईल, त्या क्रमाने माल लावायचा, बस.

कुणी कॅम्पेनचा आग्रह धरलाच तर त्याचा एक खरा तोटा पुढे करता येतो. चार बॅच एकदम काढल्या की माल गोदामात पडून राहतो, पैसा अडकतो आणि एखादं गिऱ्हाईक महिनाभर थांबायला तयार नसतं. हा मुद्दा खोटा नाही. म्हणून तर तो आकडे न मांडता वापरावा. अडकलेल्या पैशाचं व्याज एका बाजूला आणि वाचलेलं पाणी, कॉस्टिक, वाफ, ईटीपीचा खर्च नि धुलाईत गेलेले रिॲक्टरचे तास दुसऱ्या बाजूला, असा तक्ता कुणी मांडला की तो मुद्दा निम्मा गळून पडतो. धुलाईत गेलेल्या तासांत माल काढता आला असता, ही गोष्ट तर मालकालाही चटकन कळते.

सावधान: पाच मालांच्या चक्राकार क्रमांची संख्या अवघी २४ आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते सगळे तपासून होतात. दहा मालांचे क्रम ३,६२,८८० होतात. तिथे संगणकाला काम द्यावं लागतं, पण त्यालाही फार वेळ लागत नाही. तेव्हा जोड्यांचा तक्ता कुठेही तयार होणार नाही, याची काळजी घ्या. तक्ता नसेल तर संगणकाला तपासायला काहीच उरत नाही.

पाठ ५: पाणी आणि वेळ यांची गाठ पडू देऊ नये

एका यंत्रातून निघालेलं जरासं मळलेलं पाणी दुसऱ्या यंत्राला चालत असेल, तर ते पुन्हा वापरता येतं. ही कल्पना मूळ धरू लागली की आपला धंदा बसलाच. दुर्दैवाने ती फार आधीच जन्मली आहे.

१९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा बोडो लिनहॉफ आणि इतरांनी कारखान्यातली उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे वळवण्याची ‘पिंच’ पद्धत बसवली. १९९४ साली मँचेस्टरच्या यूमिस्ट संस्थेतल्या वांग आणि रॉबिन स्मिथ यांनी तीच रीत पाण्याला लावली. त्यांचं चार कामांचं एक उदाहरण आजही वर्गात शिकवतात. प्रत्येक कामाला ताजं पाणी दिलं तर तासाला ११२.५ टन लागतं. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: या कामाला जास्तीत जास्त किती मळलेलं पाणी चालेल? एकाला स्वच्छच हवं होतं, दोघांना ५० पीपीएमपर्यंत चालत होतं आणि चौथ्याला तर ४०० पीपीएमचंही. एवढं कळल्यावर ताज्या पाण्याची गरज ९० टनांवर आली. कुठेही शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं नाही. शिवाय नुसत्या पुनर्वापराने ९०च्या खाली उतरता येणार नाही, हेही त्यांनी नळ जोडायच्या आधीच कागदावर दाखवून दिलं.

पवईच्या आयआयटीत या विषयावर बरंच काम झालं. तिथल्या प्रकाश आणि शेणॉय यांनी २००५मध्ये मांडलेला एक नियम प्लॅनरने मुद्दाम विसरावा: एखाद्या कामाला जितकं मळलेलं पाणी चालतं, त्याच्या किंचित वरचं आणि किंचित खालचं, असे दोन जवळचे शेजारी शोधून मिसळावेत. स्वच्छ पाणी घाणीला पातळ करण्यात वाया घालवू नये.

बॅच प्लांटमध्ये मात्र आपल्या मदतीला वेळ धावून येते. रिॲक्टर क्रमांक एकचं शेवटचं, जवळजवळ स्वच्छ पाणी दुपारी दोनला निघतं. रिॲक्टर तीनला पहिल्या धुलाईसाठी पाणी संध्याकाळी सहाला हवं असतं. चार तास ते पाणी कुठे थांबणार? गटारात थांबत नाही. मँचेस्टरच्या त्याच दोघांनी १९९५मध्ये या वेळेच्या अडचणीवरही पद्धत काढली. पुढे दक्षिण आफ्रिकेत थोकोझानी माजोझी यांनी शेड्यूल आणि पाणी या दोन्ही गोष्टी एकाच गणितात मांडल्या. आधी वेळापत्रक ठरवून मग पाणी कुठे वाचतं ते बघायचं नाही; कुठलं यंत्र कधी सुरू करायचं आणि कुठलं पाणी कुठे वळवायचं, हे दोन्ही एकदमच ठरवायचं. मधे पाणी साठवणारी एक टाकी असली तर किती फरक पडतो, तेही या गणितातून निघतं.

माजोझींच्याच कामातली आणखी एक गोष्ट तर आपल्या मुळावर येणारी आहे. शाम्पू, लोशन, द्रव साबण अशा मालात पाणी हाच मोठा घटक असतो. मग त्या टाकीच्या धुलाईचं पाणी साठवायचं आणि त्याच मालाच्या पुढच्या बॅचमध्ये घटक म्हणून घालायचं. धुतलं गेलं तो आपलाच माल. तो आपल्याच मालात परत गेला. सांडपाणी जवळजवळ शून्य, आणि गटारात जाणारा माल बाटलीत जाऊन विकला जातो. अट एवढीच की साठवलेलं पाणी तेवढ्या काळात खराब होता कामा नये आणि क्यूसीने ते तपासलं पाहिजे. अशा कारखान्यात काम करत असाल तर मधल्या टाकीची मागणी बजेटमध्ये कधीही येऊ देऊ नका. टाकीला जागा नाही म्हणावं. जागा नसतेच, कारण तिथे ईटीपीची वाढीव टाकी बांधलेली असते.

पाठ ६: सगळ्यांसाठी एकच गटार

सेंट्रिफ्यूजमधून निघालेली मदर लिकर, पहिली धुलाई, शेवटची धुलाई, फरशी पुसलेलं पाणी, कूलिंग टॉवरचा ब्लोडाउन, सगळ्यांना एकाच गटारात सुखाने नांदू द्यावं. हिशेब पाहा. एक केएल मदर लिकर, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला १,००,००० मिलिग्रॅम. नऊ केएल साधं पाणी, सीओडी ५००. वेगळे ठेवले तर एक केएल इव्हॅपोरेटरला जातं आणि नऊ केएल जैविक टाकीत सहज पचतं. एकत्र केले तर दहा केएल पाणी, सीओडी १०,४५०. आता ते इव्हॅपोरेटरसाठी फार जास्त आणि जिवाणूंसाठी फार जहाल. एका केएलची अडचण दहा केएलची करण्याइतकी सोपी वाढ दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही.

पाठ ७: कारखाना बांधतानाच पाया घालावा

प्लॅनर होण्याआधी तुम्हाला डिझाईनच्या मीटिंगला बसायला मिळालं तर ती संधी दवडू नका. पुढची वीस वर्षं या एका दिवसावर उभी राहतात.

- पाइपलाइनला उतार देऊ नका. मधे बंद टोकाच्या फांद्या ठेवा. माल तिथे थांबतो, पुढच्या बॅचमध्ये डोकावतो आणि ऑपरेटरचा हात पाइपकडे जातो.
- बॉटम व्हॉल्व्ह तळाशी सपाट बसणारा नसावा. त्याच्या वरच्या नळीत थोडा माल राहिला की तिसऱ्या पाठाची एक अट मोडलीच.
- दहा केएलच्या एका रिॲक्टरऐवजी पाच-पाच केएलचे दोन घ्या आणि दोन्हींत सगळे माल आलटून पालटून घ्या. आकार सारखाच असेल तर दोघांच्या भिंतींचं एकूण क्षेत्रफळ एकापेक्षा सुमारे २६ टक्के जास्त भरतं. धुवायला तेवढं जास्त. मात्र एक चूक टाळा. त्या दोहोंपैकी एकात फक्त गडद आणि दुसऱ्यात फक्त फिके माल घ्यायचे, असं कुणी ठरवलं तर काळ्यानंतर पिवळ्याची धुलाईच संपते आणि वाढीव २६ टक्क्यांची सगळी मेहनत वाया जाते.
- व्हॅक्यूमसाठी वॉटर जेट इजेक्टर लावा. मालासोबत उडालेलं सॉल्व्हंट त्या पाण्यात उतरतं, आणि कारखाना धुलाई करत नसला तरी सांडपाणी चालू राहतं.

पाठ ८: कायद्याशी गोडीगुलाबी

देशात १९७४पासून जलप्रदूषणाचा कायदा आहे. महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९६९मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १९७०मध्ये मंडळ स्थापन झालं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानक लिटरला २५० मिलिग्रॅम सीओडी आणि ३० मिलिग्रॅम बीओडी. हे आकडे ‘दर लिटर’ आहेत, हे चाणाक्ष प्लॅनरच्या लगेच लक्षात येतं. पाणी जास्त घातलं की प्रत्येक लिटरातली घाण कमी दिसते. खाडीत जाणारं विष तेवढंच राहतं, पण कागद सुंदर होतो. संमतिपत्रात रोजच्या सांडपाण्याची घनमीटरांतली मर्यादाही लिहिलेली असते. ती पाठीमागच्या पानावर आहे, असं समजून चालावं.

पूर्वी पाण्याच्या वापरावर उपकर भरावा लागे. १९७७चा तो कायदा २०१७मध्ये जीएसटी येताच गेला, तेव्हा आपली एक डोकेदुखी कमी झाली.

पाणी गेटबाहेर पडलं की ते आपलं राहत नाही, अशी एक समजूत आहे. ती कधीकधी तोंडघशी पाडते. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोजा परिसरात कुत्री निळ्या रंगाची दिसू लागली आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. २०२०च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या एमआयडीसीत रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना पाहणीला यावं लागलं. दाभोळच्या खाडीत जाळी टाकणारे भोई तर कित्येक वर्षं सांडपाण्याबद्दल तेच सांगत आहेत, फक्त त्यांचे फोटो तेवढे फिरत नाहीत. रंगाच्या कारखान्याची ही एक अडचण आहे: त्याचं सांडपाणी लपत नाही. बिनरंगाच्या मालवाल्यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानावेत.

नवशिक्यांच्या शंका

*ऑपरेटरने स्वतःच कमी पाण्यात धुवायची रीत शोधून काढली तर?*
त्याची बदली पॅकिंगला करावी. निदान त्याच्या सूचनेला ‘बघू’ म्हणावं. बॅच बिघडली तर जबाबदार कोण, असं विचारलं की सूचना आपोआप थांबतात.

*सेल्सवाले आणि ईटीपीवाले एकमेकांशी बोलू लागले तर?*
असं क्वचित घडतं. घडलंच तर मीटिंगची वेळ बदलावी. तातडीच्या एका ऑर्डरसाठी काळ्यानंतर पिवळा घेतला तर ३,००० लिटर पाणी आणि ते शुद्ध करण्याचा खर्च येतो, हे सेल्सला समजलं तर ते गिऱ्हाइकाकडे चार दिवस मागून घेतील. बऱ्याचदा ते मिळतात.

*हे सगळं गणित सॉफ्टवेअरने सुटेल ना?*
सुटेल. म्हणून ‘आधी सॉफ्टवेअर येऊ दे’ असं म्हणत राहावं. वही-पेन्सिलने जे आज होईल, ते पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

शेवटचं

आता सरळ बोलू. वरचा प्रत्येक पाठ आज कुठल्या ना कुठल्या प्लांटमध्ये मनापासून पाळला जातो आहे. पाळणारी माणसं आळशी नाहीत आणि दुष्टही नाहीत. जो ठरवतो त्याला पाण्याचा आकडा दिसत नाही आणि ज्याला आकडा दिसतो त्याला कुणी विचारत नाही, एवढंच. माजोझींचं गणित किंवा मँचेस्टरची पिंच पुढे कधीतरी लागेल. तिथवर पोचायच्या आधीच बरंच पाणी वाचतं.

पहिल्या महिन्यात चार कामं करा. बॅच कार्डावरच्या धुलाईच्या ओळीत लिटर लिहा. कुठल्या मालानंतर कुठला माल घेतला तर किती पाणी लागतं, याचा जोड्यांचा तक्ता बनवून टेबलावर चिकटवा. प्रत्येक धुलाईला पाणी एकदाच ओतण्याऐवजी दोन-तीनदा थोडं थोडं घ्या आणि दर वेळी निथळू द्या. जिथे पद्धत प्रमाणित आहे तिथे हा बदल क्यूएला सोबत घेऊनच करा. आणि प्लॅनिंगच्या मीटिंगला ईटीपीच्या माणसासाठी खुर्ची ठेवा. यातल्या एकाही कामाला नवं यंत्र लागत नाही. सांडपाणी कमी करण्याची कारखान्यातली सर्वांत महाग जागा म्हणजे ईटीपी आणि सर्वांत स्वस्त जागा म्हणजे तुमची एक्सेलची फाईल. पहिला रुपया कुठे खर्च करायचा, ते आता तुम्हीच ठरवा.